वारशाच्या पद्मिनीत नवे इंजिन : एका अदलाबदलीचे नियोजन

प्रीमियर पद्मिनी ही मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली गाडी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने आधी ११०० मालिकेतल्या मोटारी बनवल्या. त्याच मालिकेतली १९६४ची ‘डिलाइट’ पुढे ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. नाव बदलले तरी वऱ्हाडात तिला आजही फियाटच म्हणतात. उत्पादन २००० सालच्या आसपास थांबले. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिवसा, मोर्शी, चांदूर रेल्वे अशा संत्र्या-कापसाच्या पट्ट्यात मात्र वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली पद्मिनी वाड्याच्या पडवीत झाकून ठेवलेली अजून सापडते. ती पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटले की प्रश्न येतो इंजिनाचा.

मूळ इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सीसीचे : बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. गिअर चार, दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. दांडा जमिनीवर आला तो अखेरच्या वर्षांतल्या काही गाड्यांत. गावातल्या गावात आणि तालुक्याच्या बाजारापर्यंत जायला हा संच पुरेसा होता. पण तिवसा अमरावती-नागपूर महामार्गावर आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६ आता क्रमांक ५३ झाला, चौपदरी झाला, आणि त्यावरच्या ट्रकसुद्धा ऐंशीने धावतात. त्या वेगात जुने इंजिन चालते, पण ओरडत चालते. अदलाबदलीचे खरे कारण हेच. इंजिन नुसते थकले असेल तर ते कारण पुरेसे नाही. ब्लॉक फुटलेला नसेल आणि आणखी एक बोरिंग घेण्याइतके धातू शिल्लक असेल, तर रिंग-पिस्टन, बेअरिंग आणि व्हॉल्व्हचे काम करून तेच इंजिन बांधणे स्वस्त पडते आणि कायद्याच्या दृष्टीने निर्धोक असते. म्हणून हेड खोलून मोजमाप घेतल्याशिवाय दुसऱ्या इंजिनाच्या शोधात निघू नये.

दुसरे इंजिन लागणारच असे ठरले, तरी पहिले काम गॅरेजमध्ये नसते. ते अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात असते. वारशाच्या गाडीची बहुतेक प्रकरणे इथेच अडतात, कारण गाडी अजून मृत व्यक्तीच्या नावावर असते. नियमाप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत वारसाने नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावे करून घ्यायची असते. ही मुदत कित्येक घरांत वर्षांपूर्वीच उलटलेली असते. मग दंड, इतर वारसांची संमतीपत्रे आणि पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी अशी साखळी सोडवावी लागते. त्यात जुन्या खाजगी गाड्यांवरचा पर्यावरण कर वेगळा. नाव लागल्याशिवाय इंजिन बदलाची परवानगी मागताच येत नाही, कारण मागायची असते ती मालकाने.

परवानगीचा प्रश्न मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२मध्ये आहे. नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. इंजिन क्रमांक, घनक्षमता आणि इंधन या तिन्ही गोष्टी प्रमाणपत्रात असतात. त्यामुळे १०८९ सीसीच्या जागी त्याच जातीचे दुसरे इंजिन बसवणे सोपे. वेगळ्या जातीचे बसवायचे तर आधी लेखी मंजुरी हवी, आणि ती नाकारली जाऊ शकते. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘गावाकडे कोण विचारतो’ हे उत्तर अपघात होईपर्यंतच टिकते. त्यानंतर विमा कंपनी विचारते.

ज्यांची गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे त्यांनी आणखी एक वाट पाहून घ्यावी. जुलै २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली आणि दुरुस्ती-इंधनापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. इंजिन बदलले की हा दरवाजा बंद होतो. दोन्ही गोष्टी एकाच गाडीला मिळत नाहीत, एवढे आधीच पक्के करावे.

आता इंजिनाची निवड. खुद्द कंपन्यांनी केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. हिंदुस्थान मोटर्सने १९९२मध्ये अ‍ॅम्बेसेडरमध्ये इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन आणि खाली दांडा असलेला पाच गिअरांचा गिअरबॉक्स बसवला. ज्यांच्या वारशात अ‍ॅम्बेसेडर आहे त्यांचे काम त्यामुळे हलके होते, कारण फाउंडेशनपासून सायलेन्सरपर्यंत कारखान्याचा नमुना समोर असतो. पद्मिनीलाही कंपनीने १३७ डी या रूपात डिझेल इंजिन दिले होते, पण पेट्रोलच्या गाडीत डिझेल टाकणे म्हणजे इंधनाची नोंदही बदलणे. ती झंझट घेऊ नये. पद्मिनीसाठी सर्वांत जवळचा दाता म्हणजे तिच्याच कंपनीची ११८ एनई. १९८५मध्ये आलेल्या या गाडीचे शरीर फियाट १२४चे आणि इंजिन निसानचे ए-१२ होते : ११७१ सीसी, बोअर ७३, स्ट्रोक ७०. ते पन्नाशीच्या वर अश्वशक्ती देते. फियाटच्या इंजिनाचा क्रँक तीन बेअरिंगांवर फिरतो, तर निसानचा पाचांवर. लांब अंतर एकाच वेगाने कापताना हा फरक जाणवतो. इंजिन आकाराने लहान, वजनाने हलके आणि कार्ब्युरेटरचे असल्याने संगणकाची भानगड नाही.

मारुतीचे किंवा आणखी कुठले आधुनिक इंजिन बसवावे, असा सल्ला हमखास मिळतो. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीचे इंजिन आडवे बसते आणि त्याचा गिअरबॉक्स पद्मिनीच्या मागच्या चाकांना शक्ती देऊ शकत नाही, एवढे कारण तो सल्ला बाजूला ठेवायला पुरे.

इंजिन सुटे घेण्यापेक्षा अख्खी भंगार गाडी घेणे शहाणपणाचे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा नागपूरच्या जुन्या मालाच्या दुकानांत सुटे इंजिन मिळेल, पण त्याबरोबर फाउंडेशनचे ब्रॅकेट, क्लचची जोडणी, स्पीडोमीटरची केबल, अल्टरनेटरचा पट्टा, सेन्सर, एअर फिल्टरची नळी या गोष्टी येत नाहीत. नेमक्या त्याच शोधण्यात महिने जातात. दाता गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र आणि विक्रीची पावतीही हवी. तिचा इंजिन क्रमांकच पुढे तुमच्या प्रमाणपत्रात चढणार असतो. खरेदीआधी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. आकडा किती आला यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत आहेत का, हे महत्त्वाचे. गिअरबॉक्स चार गिअरांचा आहे की पाच, हे दांड्याच्या गोट्यावर कोरलेल्या नकाशावरून ठरवू नये; गोटे बदललेले असतात. एकेक गिअर हाताने टाकून पुढचा शाफ्ट फिरवावा आणि मागचा किती फिरतो ते पाहावे. पाचवा असेल तर मागचा शाफ्ट पुढच्याहून जास्त फिरेल.

नियोजनातला सर्वांत अवघड भाग इंजिन नव्हे, त्याच्या मागचा अर्धा भाग. गॅरेजमध्ये सगळे बॉनेटखाली वाकून पाहतात, पण काम फसते ते बेलहाउसिंगपासून डिफरन्शियलपर्यंत. निसानच्या इंजिनाला फियाटचा जुना गिअरबॉक्स जोडायचा तर मध्ये अडॅप्टर प्लेट कातावी लागते, आणि तिचे केंद्र क्रँकच्या केंद्रापासून ०.१३ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकले तर क्लच कापतो, इनपुट शाफ्टचे बेअरिंग ओरडू लागते. ट्रॅक्टर आणि पंपाची कामे करणारा लेथवाला तालुक्याच्या गावात मिळतो. पण ही अचूकता तपासायला डायल गेज लागतो आणि तो वापरणारा हात. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच दात्याचे, एकमेकांना जोडलेल्या अवस्थेतच घ्यावेत. फियाटचा बॉक्स ठेवून पैसे वाचवल्यासारखे वाटते ते फक्त सुरुवातीला.

पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याचे शरीर हाच सांगाडा. जीपमध्ये चेसिसच्या लोखंडी पट्टीवर कुठेही ब्रॅकेट जोडता येतो, इथे गंजक्या पत्र्यावर वेल्डिंग केले तर काही महिन्यांत तो पत्राच फाटतो. तेव्हा आतले सगळे भाग काढलेला रिकामा ब्लॉक आणि रिकामा गिअरबॉक्स बोल्टने जोडून चेन पुलीने खाली सोडावा व आधी त्यावरच मापे घ्यावीत. तेलाची टाकी पुढच्या क्रॉसमेंबरला लागते का? स्टिअरिंग बॉक्स आणि एक्झॉस्टमध्ये बोटभर जागा राहते का? पंखा आणि रेडिएटरमध्ये? दांडा जिथे वर येतो तिथे सीट येते का? जुन्या गाडीत पुढचे सीट अखंड बाकासारखे असेल तर दांडा वाकवून घ्यावा, मधल्या बोगद्याचा पत्रा शक्यतो कापू नये. नवे ब्रॅकेट मूळ छिद्रांवर बसवता आले तर उत्तम. त्यामुळे पुढच्या पिढीला हवे तर जुने इंजिन परत बसवता येईल.

गिअरबॉक्सची लांबी बदलली की प्रोपेलर शाफ्टही बदलतो. शाफ्ट कापून जोडताना दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत ठेवावे लागतात. गिअरबॉक्सच्या शाफ्टचा आणि डिफरन्शियलच्या पिनियनचा कोन साधारण सारखा हवा. फरक एखाद्या अंशाहून जास्त असेल तर साठच्या पुढे गाडी थरथरते आणि मिस्त्री टायर बदलायला सांगतो. मागे पाट्यांचे स्प्रिंग असल्याने खड्ड्यात अ‍ॅक्सल वरखाली होतो, म्हणून सरकत्या जोडात वीस-पंचवीस मिलिमीटरचा मोकळा खेळ लागतो. जोडलेला शाफ्ट बॅलन्स करून घ्यावाच, त्यासाठी अमरावती-नागपूरची फेरी पडली तरी.

डिफरन्शियलचा आकडाही आधीच काढावा. एक मागचे चाक उचलून ते दोनदा फिरवले (दुसरे जमिनीवर टेकलेले असताना), तर शाफ्ट जितके फेरे घेईल तितके ते प्रमाण. समजा ते ४.३ आले. पद्मिनीच्या १४ इंची चाकाचा परीघ सुमारे १.८५ मीटर. ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ७२० फेरे घेते, म्हणजे चौथ्या, थेट गिअरमध्ये इंजिन ३,१०० फेरे करते. पाचवा गिअर ०.८५चा असेल तर २,६०० ते २,६५०. महामार्गावर कानाला मिळणारा आराम तो इतका. डिफरन्शियलही बदलण्याच्या फंदात पडण्याआधी हा हिशेब कागदावर करून पाहावा. बहुतेकदा पाचवा गिअर पुरतो.

वऱ्हाडचा उन्हाळा हा नियोजनाचा स्वतंत्र भाग आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि मुंबईच्या हवेत ठीक चाललेला रेडिएटर इथे उकळतो. कोर नवा टाकून घ्यावा, पंख्याभोवती हवा ओढणारे आवरण लावावे. ‘इंजिन तापते’ म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत सर्रास आहे. ती चुकीची आहे. थर्मोस्टॅट नसला तर हिवाळ्यात इंजिन गरमच होत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतात. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असल्याने जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची पॅकिंग एकदमच बदलावी. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. दहा-बारा अश्वशक्तीच्या वाढीसाठी ते नव्या लायनिंगवर पुरतात. डायनॅमोची वायरिंग अल्टरनेटरला जशीच्या तशी जोडू नये.

काम कोणत्या क्रमाने करायचे ते यावरून आपोआप ठरते : वारसनोंद, लेखी मंजुरी, दाता गाडी, रिकाम्या ब्लॉकवर मापे, मग गिअरबॉक्स व शाफ्ट, आणि इंजिन उघडून बांधणे सर्वांत शेवटी. बरेच जण उलट करतात. चकाकते इंजिन आधी तयार होते आणि गाडी दोन वर्षे लाकडी ठोकळ्यांवर उभी राहते. जुने इंजिन विकू नये. सिलिंडरमध्ये तेल सोडून, तोंडे बंद करून, क्रमांकाची पट्टी दिसेल असे ते कोरड्या जागी ठेवावे. नवे इंजिन बसल्यापासून १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला त्याची माहिती द्यावी लागते. प्रमाणपत्रात नवा क्रमांक चढला की त्याची प्रत विमा कंपनीला द्यावी, आणि मगच गाडी महामार्गावर काढावी.