म्हातारा कुत्रा आणि गुळगुळीत फरशी

लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डसारखी मोठी कुत्री साधारण 7-8 वर्षांतच उतारवयाला लागतात. पॉमेरेनियन मात्र त्या वयात सोफ्यावर उड्या मारत असतं!

"वय झालं, म्हणून सुस्तावलाय" हे मला पटत नाही. बऱ्याचदा सांधे दुखत असतात. कुत्रा कण्हेलच असं नाही. तो जिना टाळतो, उठताना मागचे पाय सावरतो, एकच सांधा चाटत बसतो. त्यात आपल्या घरांतली चकचकीत फरशी. पाय फाकतात, मग तो चालायलाच घाबरतो. झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत न सरकणारी रबरी मॅट टाका. नखं आणि तळव्यांमधले केस वेळच्या वेळी कापा. एका लांब फेरीऐवजी दोन-तीन छोट्या फेऱ्या बऱ्या. आणि वजन उतरवा, म्हणजे लंगडणंही कमी होतं (आजीच्या हातची तूप-पोळी बंद, वाईट वाटलं तरी).

आपल्या कपाटातली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल मात्र मुळीच देऊ नका. पोटात व्रण होतात, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होऊ शकतं. कुत्र्यांची वेदनाशामकं वेगळी असतात. ती सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्या.

डोळ्यांतली निळसर झाक दरवेळी मोतीबिंदूच नसते. वयानुसार भिंग घट्ट होतं, तरी बऱ्यापैकी दिसतं.

अचानक जास्त पाणी पिणं हे मूत्रपिंडाच्या आजाराचं किंवा मधुमेहाचं लक्षण असू शकतं. नसबंदी न झालेल्या मादीच्या गर्भाशयात पू झाल्यावरही असंच होतं. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठा.