भूकंपाच्या लाटा आणि पाषाणांतील दिशा

अंबेजोगाईच्या आसपास, बालाघाटच्या डोंगरांत विहीर खणावयास घेतली, तर मुरूम व काळा पाषाण यांखेरीज फारसें कांहीं हातीं लागत नाहीं. बीड जिल्ह्याचा बहुतेक भाग सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हाच्या थरांनीं झांकलेला आहे. त्याखालीं काय दडलें आहे, हें डोळ्यांनीं पाहण्याची सोय निसर्गानें ठेविलेली नाहीं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे चारच्या सुमारास शेजारच्या लातूर जिल्ह्यांत किल्लारी येथें भूकंप झाला, आणि सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. दख्खनचें पठार अचल आहे, हा समज त्या पहांटेस ढांसळला. वास्तविक तो १९६७ सालच्या कोयनेच्या भूकंपानेंच ढांसळावयास हवा होता! पुढें किल्लारीस खोल छिद्र घेऊन पाहतां सुमारें ३३८ मीटरांवर लाव्हाचे थर संपून अतिप्राचीन खडक लागला. परंतु अशीं छिद्रें म्हणजे पृथ्वीच्या केवळ कातडीस टोंचलेली सुई. शंभर-दोनशें किलोमीटर खालची हकीकत सांगणारा खरा साक्षीदार म्हणजे खुद्द भूकंपच होय.

भूकंपाची एक लाट खडकास मागेंपुढें दाबीत जाते; दुसरी त्यास आडवी हलवीत जाते, दोरी झटकली असतां हेलकावा जावा तशी. ही आडवी लाट द्रवांतून जाऊं शकत नाहीं.

आतां बाभळीचा ओंडका फोडणाऱ्या माणसाकडे पाहावें. कुऱ्हाड रेषेच्या बाजूनें बसली तर लाकूड सहज उकलतें, आडवी बसली तर अडतें. खडकांतही अशा रेषा असतात. भूपृष्ठाखालच्या प्रावरणांत ऑलिव्हिन नांवाचें हिरवट खनिज विपुल आहे. त्याच्या स्फटिकांतून दाबाची लाट एका दिशेनें सेकंदास सुमारें ९.९ किलोमीटर, तर दुसऱ्या दिशेनें ७.७ किलोमीटर वेगानें धांवते. स्फटिक अस्ताव्यस्त पडलेले असतील तर हा भेद एकमेकांत जिरून जातो. पण तप्त खडक लक्षावधि वर्षें एकाच बाजूस सरकत राहिला, तर पुरांतील गवताच्या काड्यांप्रमाणें ते एका रोखानें लागतात. पॅसिफिक महासागराच्या तळाखालीं असा रोख असल्याचें हॅरी हेस यांनीं १९६४ सालीं दाखवून दिलें.

कॅल्साइटचा पारदर्शक तुकडा छापील अक्षरावर ठेवला, तर एका अक्षराचीं दोन दिसतात. आडव्या लाटेचेंही तसेंच होतें. अशा खडकांत शिरतांच तिचीं दोन रूपें होतात; एक आधीं पोहोंचतें, दुसरें सुमारें एका सेकंदानें मागाहून. पुढें आलेल्या रूपाच्या कंपनाची दिशा भूकंपलेखक यंत्रावर वाचली, कीं खडकाची रेष कळली.

यासाठीं जवळचा भूकंप घेत नाहींत. टोंगा बेटांकडच्यासारखा दूरचा घेतात. त्याची लाट पृथ्वीच्या द्रव गाभ्यांतून येते. तेथें तिला आडवें रूप टाकून दाबाचें रूप घ्यावें लागतें, आणि बाहेर पडतांना ती पुनः आडवी होते, तीही ठराविक दिशेनेंच कंप पावणारी. जुनी सर्व खूण पुसली गेल्यामुळें पुढें जी दुफळी दिसते, ती आपल्याच बाजूच्या खडकांनीं घडविलेली असते. युक्ति मोठी सुंदर आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनें व इतरांनीं द्वीपकल्पांतील नोंदी या रीतीनें तपासल्या. अनेक ठिकाणीं शीघ्र दिशा उत्तर व ईशान्य यांच्या दरम्यान निघाली. भारताचें शिलावरण वर्षास सुमारें पांच सेंटिमीटर सरकतें, तेंही साधारण याच रोखानें. तेव्हां ही रेष आजच्या ओढीची म्हणावी, तर कांहीं केंद्रांवर ती निराळी पडते व जुन्या खडकांच्या ठेवणीशीं जुळते. बहुधा दोन्ही गोष्टी एकावर एक बसलेल्या असाव्या. पुढचा धक्का केव्हां बसेल, हें मात्र यांतून मुळींच कळत नाहीं.

हा वाद सुटत नाहीं याचें कारण, लाट जवळजवळ सरळ वर येते, त्यामुळें दुफळी किती खोलीवर झाली तें ती सांगत नाहीं. म्हणून भूपृष्ठालगत पसरणाऱ्या लाटांचेंही साह्य घेतात. त्यांतील आंखूड लाट वरचेच थर हलविते, लांब लाट खोलवर पोहोंचते. आणि प्रत्येकीचा वेग निरनिराळ्या दिशांनीं मोजला, म्हणजे कोणती रेष कोणत्या थराची, हें हळूहळू उलगडूं लागतें.