चमत्काराची अट



मुलांच्या अद्भुत गोष्टींविषयी सुशिक्षित घरांतून दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिली अशी की, ह्या गोष्टी साऱ्या एकाच साच्यातल्या असतात. तोच पोरका मुलगा, तीच सात बहिणींतली धाकटी, तोच राक्षस आणि तोच पोपट. दुसरी अशी की, त्यांच्या वाचनाने मुलांस आयत्या फळाची चटक लागते. काठी फिरविली की सोने मिळते हे एकदा मनात बसले म्हणजे मग पाढे कोण पाठ करणार? पहिल्या तक्रारीत पुष्कळ तथ्य आहे. दुसरीत मात्र मुळीच नाही. आणि ते का नाही, हे पहिल्या तक्रारीचा नीट विचार केला म्हणजेच कळते. आज तेवढेच सांगावयाचे योजिले आहे.

गोष्टींतले हे ठरलेले साचे पंडितांनी मोजूनही पाहिले आहेत. व्लादिमीर प्रॉप ह्या रशियन अभ्यासकाने शंभर रशियन अद्भुत कथा घेतल्या, त्या सुट्या करून तपासल्या, आणि १९२८ साली असे दाखवून दिले की, पात्रे कितीही बदलली तरी त्यांच्या हातून घडणाऱ्या मुख्य क्रिया एकतीसच आहेत. आपल्याकडे लोकसाहित्याचे अभ्यासक अशा फिरून फिरून येणाऱ्या घटकांस ‘कल्पनाबंध’ म्हणतात. प्रॉपच्या यादीत अगदी आरंभीच नायकाला काही मनाई केली जाते व ती मनाई मोडली जाते. पुढे त्याला जादूची वस्तू मिळते, पण ती देणारा आधी त्याची परीक्षा पाहतो. मनाई आणि परीक्षा ह्या दोन शब्दांत माझ्या मते सगळ्या साच्यांचे मर्म आले. अद्भुत कथेत चमत्कार फुकट मिळत नाही. त्याला अट असते. ती अट काय, ती कोण पाळतो आणि कोण चुकवू पाहतो, एवढ्यावरच सारी गोष्ट उभी राहते.

आपल्या घरोघरच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. वेताळाच्या गोष्टी सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये ‘कथासरित्सागरा’त गुंफल्या. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळ पंचविशी’ १८३० साली निघाली. मद्रासच्या ‘चांदोबा’ मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ साली सुरू झाल्यावर विक्रम-वेताळ खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत जाऊन पोहोचले. पंचवीस गोष्टी संपल्या तरी मासिकाने त्याच चौकटीत शेकडो नव्या गोष्टी रचल्या. खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेतलेला राजा हे शंकर ह्या चित्रकाराचे चित्र आज साठी उलटलेल्या कोणाच्याही डोळ्यांपुढे उभे राहील. ते मासिक आता बंद पडले आहे, पण चित्र पुसले गेलेले नाही.

ह्या कथेची चौकट पाहा. एक योगी राजाला म्हणतो, ‘स्मशानातील झाडावरचे प्रेत मला आणून दे, मात्र वाटेत बोलू नकोस.’ ही झाली पहिली अट. प्रेतात शिरलेला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो, शेवटी एक कोडे घालतो आणि बजावतो, ‘उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शकले होतील.’ ही दुसरी अट. बोलले तर काम बिघडते, न बोलले तर प्राण जातो. मौन पाळण्याचे वचन आणि न्याय सांगण्याचे कर्तव्य ह्यांची अशी गाठ पडली असता राजा दर वेळी न्याय सांगतो, दर वेळी वेताळ झाडावर परत जातो आणि दर वेळी राजा माघारी वळतो. मुलाला हे सगळे आधीच ठाऊक असते, तरी ते कंटाळत नाही. पुढे काय होणार ही त्याची उत्कंठा नसतेच. राजा ह्या खेपेस कसा वागेल, ही असते. साच्याचा उपयोग तो हाच. चौकट पक्की असली म्हणजे मुलाचे लक्ष वागणुकीकडे लागते.

आणि ह्या पेचाचा शेवट कसा होतो? शेवटच्या कोड्याचे उत्तर राजाला खरोखरच येत नाही, म्हणून तो गप्प चालत राहतो. दोन्ही अटी एकदमच पाळल्या जातात आणि वेताळ प्रसन्न होतो. मग तो सांगतो की, हा योगी तुझाच बळी देऊन सिद्धी मिळवू पाहतो आहे. तो साष्टांग नमस्कार घालावयास सांगेल, तेव्हा तू म्हण, ‘आधी तुम्ही करून दाखवा.’ इतका ज्ञानी राजा अखेरीस तरला तो आपणांस उत्तर येत नाही एवढ्यामुळे! चाळीस मुलांच्या वर्गात ‘गुरुजी, मला येत नाही’ असे म्हणण्याचे धैर्य किती थोड्यांना होते, हे शिकविणाऱ्यांस ठाऊक असते.

वेताळाच्या ह्या गोष्टी ज्या कथासागरात आहेत त्याचा उगम एका अटीतच सांगितलेला आहे, आणि ती आख्यायिका आपल्या गोदावरीकाठच्या पैठणची, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठानची आहे. सातवाहन राजा राणीबरोबर जलक्रीडा करीत असता ती ‘मोदकैः’ म्हणाली. ‘मा उदकैः’, म्हणजे पाणी उडवू नका, असा तिचा अर्थ. राजाने मात्र मोदक मागविले. लाजलेल्या राजाने संस्कृत शिकण्याचा ध्यास घेतला. गुणाढ्य पंडित म्हणाला, सहा वर्षे लागतील; शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवितो. गुणाढ्याने पण केला की, तसे घडले तर मी संस्कृत, प्राकृत व देशभाषा तिन्ही सोडीन. तो हरला आणि त्याने पण पाळला. मौन धरून तो विंध्याच्या अरण्यात गेला, पिशाचांची भाषा शिकला आणि तिच्यात त्याने ‘बृहत्कथा’ लिहिली. हरलेल्या माणसाने शब्द फिरविला असता तर हा कथासागर आपणांस मिळाला नसता, असे ही आख्यायिका सुचविते.

दुसरा मोठा कल्पनाबंध पोपटाचा. १८६५-६६ च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या दख्खनच्या दौऱ्यात त्यांची कन्या मेरी बरोबर होती. तिने आपल्या आयेकडून, ॲना लिबेराता डिसूझा हिच्याकडून, ऐकलेल्या गोष्टी लिहून घेतल्या, आणि १८६८ साली लंडनला ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघाले. त्यातली पहिलीच गोष्ट पंचकिन नावाच्या जादूगाराची आहे. त्याने सात राजकन्यांतल्या धाकटीला कोंडून ठेविले आहे. त्याचा जीव त्याच्या देहात नाही. दूरच्या अरण्यात, ताडांच्या वर्तुळात, एकावर एक रचलेल्या सहा घड्यांखालच्या पिंजऱ्यातल्या हिरव्या राघूत आहे. धाकटीचा मुलगा तेथवर पोहोचतो तो गरुडाच्या पिलांच्या पाठीवर बसून. कारण वाटेत त्याने ती पिले सापापासून वाचविलेली असतात. राघूचा एक पंख उपटताच जादूगाराचा एक हात गळून पडतो.

येथे साचे किती, ते मोजा: सातांतली धाकटी, कोंडवाडा, उपकार जाणणारे पक्षी, बाहेर लपविलेला जीव. ह्यातला प्रत्येक साचा एका अटीचे रूप आहे. पिलांना वाचविले तेव्हा मुलाला त्यांचा पुढे काही उपयोग होईल हे ठाऊक नव्हते. मोबदल्याचा विचार न करता केलेला उपकारच फळतो. जादूगाराने मात्र मरणाची अट चुकविण्यासाठी जीव बाहेर ठेविला, आणि त्या चुकविण्यातच त्याचे मर्मस्थान उघडे पडले.

आता तिसरे उदाहरण परदेशचे, पण आपल्या नातवंडांच्या अगदी जवळचे. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटरच्या कादंबऱ्या १९९७ ते २००७ ह्या काळात निघाल्या. पुस्तके सात, शाळेची वर्षे सात. सातांची आवड त्यांनाही सुटलेली नाही. नायक पोरका आहे आणि मावशीच्या घरी जिन्याखालच्या फडताळात निजतो. मराठी वाचकाला येथे थोडे अडखळावयास होते. आपल्याकडे माय मरो पण मावशी जगो म्हणतात आणि छळाचे काम सावत्र आईकडे सोपवितात. बाकी सारे ओळखीचे आहे. त्यातल्या दुष्ट मांत्रिकाने अमर होण्यासाठी आपल्या आत्म्याचे तुकडे करून ते निरनिराळ्या वस्तूंत दडविले आहेत. पंचकिनचा राघूच येथे अंगठी, पेला आणि साप झाला आहे! पहिल्या पुस्तकात परीस एका आरशात लपविलेला असतो आणि त्याची अट अशी की, ज्याला तो मिळवावयाचा आहे पण वापरावयाचा नाही, त्यालाच तो मिळेल. ही अट आपल्या कोणत्याही कहाणीत शोभली असती. श्रावणातल्या आदित्यराणूबाईच्या कहाणीत वसा मागणाऱ्या ब्राह्मणाला आधी हेच विचारतात ना, की तू उतणार नाहीस, मातणार नाहीस, घेतलेला वसा टाकणार नाहीस, ह्याची खात्री काय?

ही तिन्ही उदाहरणे शेजारी ठेविली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. अद्भुत कथेतील दुष्ट पात्र हे बहुधा अटीवाचून चमत्कार मागणारे असते. योग्याला दुसऱ्याच्या बळीने सिद्धी हवी आहे; पंचकिनला आणि त्या परदेशी मांत्रिकाला मरणाविना जगणे हवे आहे. नायक बळाने किंवा बुद्धीने त्यांच्याहून मोठा असेलच असे नाही. तो अट पाळतो, एवढाच त्याचा मोठेपणा. तेव्हा आयत्या फळाची चटक ह्या गोष्टी लावतात म्हणणे म्हणजे राक्षसाचा स्वभाव नायकाच्या माथी मारणे होय.

कोणी म्हणेल, अल्लाउद्दिनाच्या दिव्याला कोणती अट होती? कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणावयास घेतलेल्या सुरस व चमत्कारिक अरबी गोष्टींनी तो दिवा आपल्या घरात आणला. त्याची अट गुप्त आहे: दिव्याला मालक कळत नाही, ज्याच्या हाती तो असेल त्याचा तो चाकर. अल्लाउद्दिनाने हे रहस्य बायकोला सांगितले नव्हते, म्हणून जुन्या दिव्याबद्दल नवा देणाऱ्या जादूगाराला तिने तो भोळेपणाने देऊन टाकिला. घरच्या माणसापासून चोरून ठेविलेले वैभव असे जाते.

पारोळ्यात व आसपासच्या खेड्यांत शिक्षकी करीत असता पाचवीच्या मुलांस मी एकदा जादूची गोष्ट रचावयास सांगितली होती. बहुतेकांनी कधी न सरणाऱ्या दाण्यांचे मडके किंवा उडते घोडे नायकास देऊन टाकिले, आणि दहा ओळींत गोष्ट संपली. सगळेच मिळाल्यावर लिहावयाचे काय? एका मुलीचे मडके मात्र निराळे होते. पहिली कळण्याची भाकर दारी आलेल्याला दिली तरच ते दुसऱ्या दिवशी भरत असे. मग दुष्काळ आला, पाहुणे वाढले, घरातले भाऊ कुरकुरू लागले, आणि तिची वही तीन पाने भरून गेली. अटीचे महत्त्व तिला कोणी शिकविले नव्हते. ते अहिराणीत गोष्टी सांगणाऱ्या आजीकडून तिच्याकडे आले होते.

स्थळांचेही असेच आहे. आमच्या गावचा भुईकोट किल्ला १७२७ साली जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी बांधविला, एवढे सांगून मुलांचे समाधान होत नाही. भुयाराचे नाव निघाले की ती कान टवकारतात. ‘आत जाऊ नका’ असे म्हटलेली जागा हीच त्यांच्या मनातल्या कथेचा दरवाजा असते.

ह्या गोष्टींत दोष नाहीत, असे माझे म्हणणे नाही. राजकन्या बक्षिसासारखी दिली जाते. सावत्र आई बहुतेक दुष्टच असते. राक्षस काळा आणि कुरूप असलाच पाहिजे, असा संकेत दिसतो. सावत्र आई असलेले किंवा सावळे मूल हे वाचते तेव्हा त्याला काय वाटत असेल, ह्याचा विचार वडील माणसांनी केला पाहिजे. गोष्ट थांबवून त्याविषयी बोलावे. चांगल्या साच्यात ओतलेली प्रत्येक मूर्ती चांगलीच निघते, असे नाही.

पण पुस्तके काढून घेणे हा त्यावर उपाय नव्हे. मूल अद्भुत कथा वाचीत असेल तर रात्री त्याला एवढेच विचारा: ह्यात अट कोणती होती? ती कोणी पाळली आणि कोणी मोडली? पहिल्या खेपेस ते गोंधळेल, दुसऱ्या खेपेस शोधील आणि तिसऱ्या खेपेस तुम्हालाच विचारील. ज्या गोष्टीत अटच सापडत नाही, नुसती कळ दाबताच सारे मिळते, ती गोष्ट ते आपण होऊन बाजूला ठेवील. आणि पुस्तक नसेल तर आपल्या आजीची एखादी गोष्ट आठवून तिच्याच बोलीत सांगा. अहिराणी असो, वऱ्हाडी असो की कोकणी. शाळेला ती गोष्ट पुरविता येणार नाही. ती घरातच सांगितली गेली पाहिजे. त्या गोष्टी पुढे चालू राहण्याचीही एकच अट आहे: ऐकणाऱ्याने त्या पुढच्याला सांगितल्या पाहिजेत.