खुब्यातला स्क्रू का निसटतो?

डोंबिवलीतल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींतून खुबा मोडलेल्या आजींना खुर्चीत बसवून खाली आणावे लागते. शस्त्रक्रिया होते, रॉड बसतो, घरचे निश्चिंत होतात. काही महिन्यांनी त्यांतल्या एखाद्या पुन्हा येतात. जांघेत दुखते, पाय आखूड झालाय. ‘डॉक्टर, रॉड टाकूनही असं कसं?’

रॉड हाड जोडत नाही. ते जुळेपर्यंत नुसते धरून ठेवतो. हाड ठिसूळ असेल तर खुब्याच्या गोळ्यात बसवलेला स्क्रू भुसभुशीत भिंतीतल्या खिळ्यासारखा सरकतो. पण सगळा दोष ठिसूळपणाचा नाही, हे आम्हा डॉक्टरांनीही मान्य करावे. १९९५ मध्ये अमेरिकेत बॉमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी स्क्रूच्या टोकापासून गोळ्याच्या टोकापर्यंतचे अंतर समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेवर मोजले. दोन्हींची बेरीज २५ मिलिमीटरच्या आत होती, त्यांपैकी एकही स्क्रू गोळा फोडून बाहेर आला नाही. तुकडे वाकडे जुळवले, तर मात्र उत्तम रॉडही थकतो आणि मोडतो.

खुब्याच्या मानेचे फ्रॅक्चर वेगळे. तिथे गोळ्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्याच तुटू शकतात आणि गोळा पुढे वर्ष-दोन वर्षांनीही सुकतो. म्हणून वयस्कर रुग्णाचे हाड सरकले असेल तर आम्ही बहुधा कृत्रिम गोळाच बसवतो.

मिश्रीचे नाव काढले की आजी तोंड फिरवतात. पण तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो. चालू लागल्यावर जांघेत नव्याने दुखले, तर तेल चोळत बसू नका. लगेच या, जुने एक्स-रे घेऊन.