महासाथीच्या काळात क्रीडांगणावर प्रेक्षकांचे पुनरागमन : क्षमतेची टक्केवारी आणि संसर्गाचे वास्तव

प्रस्तावना

क्रीडास्पर्धा हा केवळ खेळाडूंचा व्यवहार नसतो. प्रेक्षक हा त्या व्यवहाराचा अविभाज्य घटक असतो. कोविड-१९ च्या महासाथीने हा घटकच काही काळ क्रीडांगणाबाहेर ठेवला. पुढे स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हा प्रेक्षकांना परत केव्हा, किती आणि कोणत्या अटींवर प्रवेश द्यावा, हा प्रश्न जगभरातील शासनांपुढे उभा राहिला. या प्रश्नाची चर्चा बहुतेक ठिकाणी आसनक्षमतेच्या टक्केवारीभोवती फिरत राहिली. परंतु टक्केवारी हा निर्णयाचा दृश्य भाग होय; त्याचा खरा आधार क्रीडांगणाच्या बाहेर, म्हणजे त्या शहरातील संसर्गाच्या स्थितीत असतो. २०२० ते २०२२ या काळातील काही उदाहरणांच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

१. पार्श्वभूमी

दि. १९ फेब्रुवारी २०२० रोजी इटलीतील मिलान येथे अटलांटा आणि व्हॅलेन्सिया या संघांत फुटबॉलचा सामना झाला. त्यास चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक होते व त्यांतील बहुसंख्य बर्गामो परिसरातून आलेले होते. पुढील काही आठवड्यांत बर्गामो हे युरोपातील महासाथीचे सर्वाधिक होरपळलेले केंद्र ठरले. त्या एका सामन्यामुळेच हे घडले, असे सिद्ध करणे शक्य नाही. मात्र संसर्ग नकळत पसरत असताना मोठा समुदाय एकत्र येणे किती घातक ठरू शकते, याची जाणीव या घटनेने करून दिली. दि. ८ मार्च २०२० रोजी मेलबर्न येथे महिलांच्या ट्वेंटी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना ८६,१७४ प्रेक्षकांच्या उपस्थितीत झाला. त्यानंतर आठवडाभरातच जगातील बहुतेक क्रीडांगणे ओस पडली. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातील मार्च २०२० मधील उर्वरित दोन एकदिवसीय सामने प्रथम प्रेक्षकांविना खेळविण्याचे ठरले आणि नंतर रद्दच झाले.

मे २०२० मध्ये जर्मनीतील बुंडेसलिगा स्पर्धा रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली. त्याच महिन्यात, दि. ८ मे रोजी, तैवानने व्यावसायिक बेसबॉलच्या सामन्यांना एक हजार प्रेक्षकांची मर्यादित परवानगी दिली. प्रेक्षकांच्या पुनरागमनाचा प्रवास येथून सुरू झाला.

२. धोक्याचे स्वरूप

एखाद्या समुदायात किती बाधित व्यक्ती असतील, याचा ढोबळ अंदाज साध्या गणिताने करता येतो. शहरात दर हजारी एक व्यक्ती बाधित असेल, तर साठ हजारांच्या समुदायात सुमारे साठ बाधित असण्याची शक्यता असते. हेच प्रमाण शेकडा एक झाले, की ती संख्या सहाशेपर्यंत जाते. दुसऱ्या स्थितीत प्रेक्षकसंख्या निम्म्यावर आणली, तरी बाधितांची संख्या तीनशे उरते. म्हणजे पहिल्या स्थितीतील पूर्ण भरलेल्या मैदानाच्या पाचपट. यावरून आसनक्षमतेची टक्केवारी आणि धोक्याचे प्रमाण यांची गल्लत करणे किती फसवे आहे, हे लक्षात येते. प्रवेशापूर्वीची चाचणी किंवा लसीकरणाची अट ही संख्या कमी करते, पण शून्यावर आणत नाही.

दुसरी बाब हवेची. खुल्या मैदानात विषाणूचे कण लवकर विरतात. त्यामुळे खुल्या प्रेक्षागारातील आसनावर बसणे हे तुलनेने कमी जोखमीचे ठरते. परंतु प्रेक्षक सामन्याचा सारा वेळ आसनावर नसतो. प्रवेशद्वारावरील रांगा, अरुंद मार्गिका, स्वच्छतागृहे, उपाहारगृहे आणि मैदानाकडे जाणारी रेल्वे व बस या ठिकाणी दाटी होते. आसनांमध्ये एक सोडून एक अशी व्यवस्था केली आणि सर्वांना एकाच दाराने एकाच वेळी बाहेर काढले, तर त्या व्यवस्थेचा अर्थच उरत नाही.

तिसरी बाब नैतिक स्वरूपाची आहे. प्रेक्षक स्वेच्छेने जोखीम पत्करतो, असा युक्तिवाद केला जातो. परंतु ती जोखीम त्याच्यापुरती मर्यादित राहत नाही. घरातील वृद्ध, सहप्रवासी आणि रुग्णालयातील परिचारिका यांनी तिकीट काढलेले नसते. किंमत मात्र त्यांना मोजावी लागते. दुसऱ्या बाजूला मैदान बंद राहिल्यास खाद्यपदार्थ विक्रेते, सफाई कामगार व सुरक्षा कर्मचारी यांची रोजी बुडते. निर्णय या दोन्ही बाजू तोलूनच घ्यावा लागतो.

३. मागे घेता येणारी परवानगी : न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया

न्यूझीलंडने जून २०२० मध्ये देशांतर्गत संसर्ग जवळजवळ संपुष्टात आणल्यावर सर्व अंतर्गत निर्बंध उठविले. दि. १३ व १४ जून रोजी रग्बीचे सामने भरलेल्या प्रेक्षागारांसमोर झाले. मुखपट्टी नाही, अंतर नाही; तरीही हा निर्णय बेपर्वाईचा नव्हता, कारण बाहेर संसर्गच नव्हता. ऑगस्टमध्ये ऑकलंड येथे रुग्ण आढळताच तेथील नियोजित सामना रद्द करण्यात आला.

ऑस्ट्रेलियातही याच धोरणाचे दर्शन घडते. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्न येथील भारताविरुद्धच्या कसोटीस दररोज कमाल तीस हजार प्रेक्षकांना प्रवेश होता. नंतर एक प्रेक्षक बाधित आढळला, तेव्हा तो बसलेल्या विभागातील प्रेक्षकांना चाचणी करून घेण्यास सांगण्यात आले. क्रमांकित आसन आणि नोंद असलेले तिकीट यांमुळेच हे साधले. पुढील सिडनी कसोटीसाठी शहरातील रुग्णवाढ पाहून मर्यादा निम्म्यावरून एकचतुर्थांशावर आणण्यात आली. दि. १२ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री मेलबर्नमध्ये टाळेबंदी लागू होत असल्याने ऑस्ट्रेलियन टेनिस स्पर्धेतील एक सामना चालू असतानाच प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले आणि पाच दिवसांच्या टाळेबंदीनंतर त्यांना पुन्हा प्रवेश मिळाला. परवानगी देण्याइतकीच ती तत्काळ मागे घेण्याची सिद्धता महत्त्वाची असते, हे यावरून दिसून येते.

४. ब्रिटनचा प्रयोग

ब्रिटिश शासनाने २०२१ च्या वसंत ऋतूत मोठ्या कार्यक्रमांचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. शेफिल्ड येथील जागतिक स्नूकर स्पर्धा, वेम्ब्ली येथील फुटबॉलचे सामने इत्यादी नऊ कार्यक्रमांचा पहिल्या टप्प्यात समावेश होता. सुमारे अठ्ठावन्न हजार उपस्थितांमध्ये केवळ अठ्ठावीस बाधित आढळले. हा आकडा आश्वासक वाटला, तरी त्यास दोन मर्यादा होत्या. कार्यक्रमापूर्वीची व नंतरची अशा दोन्ही प्रयोगशाळा चाचण्या करून घेणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम पंधरा टक्के होते; आणि त्या काळात ब्रिटनमधील दैनंदिन रुग्णसंख्या सुमारे दोन हजार इतकी अल्प होती.

जुलैमध्ये ही संख्या डेल्टा प्रकारामुळे तीस हजारांवर गेली. दि. ११ जुलै २०२१ रोजी वेम्ब्ली येथे युरो चषकाचा अंतिम सामना साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर झाला. प्रवेशासाठी लसीकरणाचा अथवा चाचणीचा पुरावा आवश्यक होता. तरीही सुमारे दोन हजार लोक तिकिटाविना आत घुसले. पुढे प्रसिद्ध झालेल्या शासकीय माहितीनुसार, या सामन्याच्या वेळी मैदानात अथवा परिसरात २,२९५ व्यक्ती संसर्गक्षम असण्याची शक्यता होती आणि आणखी ३,४०४ व्यक्तींना त्या सुमारास संसर्ग झाला असावा. यातील प्रत्येकास मैदानातच संसर्ग झाला, असे म्हणता येत नाही. तथापि त्याच महिन्यात सिल्व्हरस्टोन येथील मोटारशर्यतीस तीन दिवसांत सुमारे साडेतीन लाख प्रेक्षक येऊनही संसर्ग झाल्याची शक्यता असलेल्यांची संख्या २४२ होती. विस्तीर्ण खुली जागा आणि भरगच्च मैदानाभोवतीचा जल्लोष यांतील फरक येथे स्पष्ट होतो. वेम्ब्लीचे मैदान मे महिन्यात होते तेच जुलैमध्येही होते. बदलली होती ती बाहेरची परिस्थिती, गर्दीचे आकारमान आणि तिचे वर्तन.

५. भारतातील अनुभव

फेब्रुवारी २०२१ मध्ये चेन्नई येथील इंग्लंडविरुद्धच्या दुसऱ्या कसोटीपासून भारतात आंतरराष्ट्रीय क्रिकेटला निम्म्या क्षमतेने प्रेक्षक परतले. अहमदाबाद येथे दि. १२ व १४ मार्च रोजीचे ट्वेंटी-२० सामने मोठ्या समुदायासमोर झाले. रुग्णसंख्या वाढू लागल्याने उर्वरित तीन सामने प्रेक्षकांविना खेळविण्यात आले. महाराष्ट्रात मात्र रुग्णवाढ आधीच सुरू झाली होती. त्यामुळे पुण्याजवळील गहुंजे येथील तीन एकदिवसीय सामने प्रेक्षकांविना घेण्याचा निर्णय फेब्रुवारीअखेरीसच झाला. एकाच दौऱ्यातील दोन शहरांत भिन्न वेळी भिन्न निर्णय होणे ही विसंगती वाटली, तरी गहुंजेचा निर्णय स्थानिक परिस्थितीशी सुसंगत आणि लाट उसळण्यापूर्वीच घेतलेला होता. अहमदाबादचा निर्णय योग्य असूनही दोन सामने उशिरा आला.

वर्षभरानंतर, मार्च २०२२ मध्ये, इंडियन प्रीमियर लीगचे सामने मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे एकचतुर्थांश प्रेक्षकांसह सुरू झाले. दि. २९ मे रोजी अहमदाबाद येथील अंतिम सामन्यास एक लाखाहून अधिक प्रेक्षक उपस्थित होते. या दोन वर्षांतील अंतर व्यापक लसीकरणाने आणि ओसरलेल्या लाटेने निर्माण केले होते.

६. निर्णयाचे निकष

वरील विवेचनावरून पुढील निकष मांडता येतात. पहिला, परवानगी स्थानिक संसर्गाच्या प्रमाणाशी व रुग्णालयांवरील भाराशी जोडलेली असावी, स्पर्धेच्या वेळापत्रकाशी नव्हे. दुसरा, नियोजन आसनांपुरते न ठेवता प्रेक्षकाच्या घरापासून घरापर्यंतच्या प्रवासाचे असावे. तिसरा, प्रत्येक आसनाची नोंद असावी, जेणेकरून संपर्कशोध शक्य होईल. चौथा, परवानगी मागे घेण्याची पातळी आधीच जाहीर करावी व तिकिटाचे पैसे परत देण्याची तरतूद असावी. ऑलिंपिकच्या संयोजकांनी टोकियोत जून २०२१ मध्ये निम्म्या क्षमतेची घोषणा केली आणि जुलैमध्ये आणीबाणी जाहीर होताच ती मागे घेतली. पातळी आधी ठरलेली असती, तर अनिश्चिततेचा बराचसा त्रास टळला असता.

हे निकष आंतरराष्ट्रीय सामन्यांपुरते मर्यादित नाहीत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, क्रीडामहोत्सव व स्नेहसंमेलने यांत समुदाय लहान असला, तरी वसतिगृहे, भोजनगृहे आणि प्रवासाची वाहने यांमुळे प्रश्नाचे स्वरूप तेच राहते.

समारोप

महासाथीत प्रेक्षकांना परत आणणे हे धाडसही नव्हे आणि चैनही नव्हे. ती एक सार्वजनिक जबाबदारी होय. भरलेले मैदान सुरक्षित असू शकते आणि अर्धे रिकामे मैदान धोकादायक ठरू शकते. म्हणून ‘किती प्रेक्षक?’ या प्रश्नाआधी ‘शहराची स्थिती काय?’ हा प्रश्न विचारला जाणे अगत्याचे आहे. पुढील साथ केव्हा येईल, हे सांगता येत नाही. परंतु ती येईल तेव्हा प्रवेशद्वार उघडण्याचे आणि मिटण्याचे नियम आधीच लिहून ठेवलेले असणे, हे शासन, क्रीडासंस्था आणि शिक्षणसंस्था या सर्वांच्याच हाती आहे.