जुनी मारुती व्हॅन घेताय? आधी पाण्याचा काटा पाहा, मग भाव करा

साखरखेर्डा : खरिपाचा माल विकला, हातात चार पैसे आले की गावात जुन्या गाड्यांचे सौदे सुरू होतात. त्यात सगळ्यात जास्त विचारणा असते मारुती व्हॅनची, म्हणजे ओमनीची. साठ-सत्तर हजारात घरचे सात-आठ जण बसतात, मागचं सीट काढलं की भाजीचे कॅरेट बसतात, आणि रात्री-बेरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर एसटीची वाट पाहावी लागत नाही. पण ही गाडी घेताना आपण फक्त सौद्याची किंमत धरतो. दुरुस्तीची किंमत धरत नाही, आणि गणित तिथंच चुकतं.

हे मी ऐकून नाही, भोगून लिहितो. २०२२ मध्ये मी २००९ मॉडेलची ओमनी ६५ हजारात घेतली. पहिल्या तेरा महिन्यांत दुरुस्तीवर २९ हजार ९५० रुपये गेले. म्हणजे गाडी मला ९५ हजाराला पडली.

गाडी साधी, पण उष्णतेला हळवी

मारुतीने ही व्हॅन १९८४ मध्ये आणली, पुढे तिचं नाव ओमनी झालं. २०१९ मध्ये कंपनीने ती बंद केली. म्हणजे आज बाजारात असलेली प्रत्येक ओमनी जुनीच आहे. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. रचना सोपी असल्याने खेड्यातला मिस्त्रीही खोलू शकतो, आणि पार्ट चिखली-मेहकरात सहज मिळतात. ही तिची जमेची बाजू.

अडचण एकच. इंजिन पुढच्या सीटच्या खाली, डब्यात बंद केल्यासारखं आहे. तिथली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. आपल्याकडचा मे महिना, आठ माणसं बसलेली आणि पुढे चढ, असं जमलं की सगळा भार पाण्यावर, म्हणजे रेडिएटर, वॉटर पंप आणि पंख्यावर येतो. यातलं एक जरी कमजोर असलं तरी इंजिन तापतं.

माझं असंच झालं. मे महिन्यात दुपारी आईला तापात चिखलीला दवाखान्यात नेत होतो. लव्हाळ्याच्या पुढे काटा वर चढलेला दिसला. म्हटलं, आता थोडंच राहिलं, दामटू. पाच-सहा किलोमीटर गेलो अन् बोनेटमधून नाही, सीटखालून वाफ आली. गाडी बंद. आईला रस्त्यावरच्या एका टेम्पोत बसवून पुढे पाठवावं लागलं. आई बरी झाली, पण ती अर्धा तास रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसलेली मला अजून दिसते.

मिस्त्रीने हेड खोललं आणि म्हणाला, "भाऊ, काटा वर गेला तवाच थांबले असते तर पाचशेचा पाइप होता. आता हेडच वाकलं."

ते असं होतं. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. जास्त तापलं की ते वाकतं, मधलं गॅसकेट जळतं आणि पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑईलमध्ये जातं. मग लेथवर हेडला फेस मारा, नवीन गॅसकेट टाका, ऑईल बदला. पाचशेचं काम आठ हजारावर गेलं.

बोअरचं पाणी टाकू नका

आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड. ठिबकच्या नळ्या कशा पांढऱ्या क्षाराने बुजतात ते प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत होतं. ठिबकला आपण ॲसिड सोडतो, रेडिएटरकडे कोणी पाहत नाही. त्यात कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच टाका. आणि गाडी तापलेली असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. गार पाणी ओतण्याची घाईही नको, त्याने हेडला चीर जाऊ शकते.

माझा खर्च, जसा झाला तसा

- हेडचं काम, गॅसकेट, ऑईल, मजुरी : ७,८००
- नवीन रेडिएटर : २,६००
- क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी : ४,७००
- मागच्या ब्रेकचे सिलिंडर, लायनर : २,९००
- बॅटरी : ४,१००
- दोन टायर : ५,०००
- सेल्फ आणि वायरिंग : १,७००
- प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस : १,१५०

हे दर माझ्या गाडीचे. गावोगावी आणि पार्टच्या कंपनीप्रमाणे कमी-जास्त होतील. रिंग-पिस्टनसह पूर्ण इंजिन बांधायचं झालं तर मात्र हा आकडा एकट्या त्या कामालाच लागू शकतो. वायरिंगचा खर्च उंदरांनी केला, गाडी गोठ्याशेजारी उभी होती.

सौद्याच्या दिवशी काय पाहावं

गाडी सकाळी, इंजिन गार असताना पाहा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर समजून घ्या, काहीतरी झाकायचं आहे.

- रेडिएटरचं झाकण गार असतानाच उघडा. पाणी गंजलेलं, तेलकट असेल तर सौदा थांबवा.
- ऑईलची पट्टी काढा. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलं आहे.
- वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालू ठेवा. पंखा आपोआप सुरू झाला पाहिजे आणि काटा मधेच थांबला पाहिजे.
- सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑईल जळतं, रिंगा गेल्या. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी जळतं.
- हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच चांगला. फिरतच राहिलं तर प्लेट संपली.
- गाडी धरताना-सोडताना खालून 'टक-टक' आवाज आला तर शाफ्टचे क्रॉस गेले.
- पायाखालची चटई उचला. पत्रा गंजून चाळणी झाला असेल तर वेल्डिंगचा खर्च धरा.
- पेट्रोलचा वास आला तर पाइप पाहा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. ते चिरले असतील तर लगेच बदला, कारण खालीच तापलेलं इंजिन आहे.

गॅस किट असेल तर त्याची नोंद आरसी बुकावर हवीच. सीएनजीच्या टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते. घरगुती सिलिंडरवर गाडी चालवणं बेकायदा तर आहेच, आत बसलेल्यांच्या जिवाशीही खेळ आहे.

कागदाचा खर्च विसरू नका

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी बुलढाण्याला गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीची ही फी ५ हजार झाली. २० वर्षांवरील गाडीला २०२५ पासून १० हजार. हरित कर वेगळा. २००६-०७ ची गाडी कोणी 'पासिंग करून घ्या' म्हणून स्वस्तात देत असेल तर हे पैसे आधी वजा करा.

सौदा झाला की ३० दिवसांत गाडी आणि १४ दिवसांत विमा नावावर करण्यासाठी अर्ज द्या. आधीच्या मालकाचं कर्ज, ऑनलाइन दंड बाकी आहे का ते पाहा. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्याने सवारी भरू नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, मग शेत विकायची वेळ येते.

मग घ्यावी की नाही?

घ्यावी, मी अजून वापरतो. पण खिशात ७० हजार असतील तर गाडी ४५ हजारापर्यंतचीच पाहा. उरलेले २५ हजार पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला बाजूला ठेवा. सौद्याच्या वेळी ओळखीचा मिस्त्री सोबत न्या, त्याला दोन-तीनशे रुपये द्या.

आणि रस्त्यात काटा वर गेला की गाडीत कोणीही असो, कितीही घाई असो, थांबा. तेवढा अर्धा तास वाचवायला गेलो म्हणून माझी आई बाभळीखाली बसली.