अंजनवेलचा हिशेब

दाभोळ प्रकल्प दाभोळला नाही, हे पुष्कळांना आजही ठाऊक नसते. दाभोळ गाव वाशिष्ठीच्या खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प उभा राहिला तो अलीकडे, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला. मध्ये खाडी, आणि खाडीत फेरीबोट. मागे एकदा गोपाळगडाच्या तटावर उभे राहून त्या धुराड्यांकडे पाहत होतो, तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, ‘‘एवढ्या मोठ्या भांडणाचे कारण ते हेच का?’’ हेच ते.

मी तेव्हा बँकेत कर्जविभागात होतो. नव्वदच्या दशकात आम्हा अधिकाऱ्यांना प्रशिक्षणाला पाठवीत आणि तिथे ‘कंट्री रिस्क’ नावाचा तक्ता शिकवीत. परदेशी सावकार कर्ज देताना त्या देशाची पत कशी जोखतो, त्याचा हा तक्ता. गंगाजळी किती, तूट किती, आणि शेवटच्या रकान्यात ‘राजकीय जोखीम’ : सरकार बदलले तर करार टिकेल का? आपला देश ‘उदयोन्मुख बाजारपेठ’ या सदरात. घरी हा शब्द सांगितला तेव्हा आई म्हणाली होती, ‘‘म्हणजे आपण काय काल उगवलो?’’

तक्त्याला निमित्त होते. 1991 मध्ये जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले आणि सोने गहाण ठेवावे लागले. मग वीज क्षेत्र परकी भांडवलाला खुले झाले. जून 1992 मध्ये एन्रॉनशी सामंजस्य करार झाला, डिसेंबर 1993 मध्ये वीजखरेदीचा. दरम्यान 1993 मध्येच जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे कळवले होते.

करारातले कलम कलम वाचावे आणि बँकेच्या माणसाने कपाळाला हात लावावा, अशी स्थिती होती. रुपया पडला, तर भुर्दंड वीज मंडळाला. इंधन महागले, तरी मंडळाला. वीज उचलली नाही, तरी ठरलेला स्थिर आकार द्यायचाच. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी, आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. कोथरूडच्या औद्योगिक वसाहतीतला माझा एक खातेदार त्याच सुमारास लेथसाठी कर्ज मागायला आला होता. मी त्याला विचारले, ‘‘काम मिळाले नाही तर हप्ता कोण भरणार?’’ त्याने बायकोच्या पाटल्या टेबलावर ठेवल्या. इथे नेमके उलटे. गिऱ्हाईक मिळो न मिळो, पाटल्या गिऱ्हाइकाच्याच गहाण!

मग आला 1995 सालचा मार्च. निवडणुकीत एन्रॉन समुद्रात बुडवण्याची भाषा झाली, युतीचे सरकार आले आणि ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला. परदेशी वर्तमानपत्रांतून टीका झाली : पाहा, राजकीय जोखीम! पण जानेवारी 1996 मध्ये त्याच सरकारने फेरवाटाघाटी करून प्रकल्प पुन्हा स्वीकारला, आणि तोही अधिक मोठा. एकूण क्षमता दोन हजार मेगावॅटच्या वर. प्रतिहमीला मंजुरी दिली ती 13 दिवस टिकलेल्या केंद्र सरकारने. विरोधात बसले की करार विषारी, आणि सत्तेत आले की गोड. याला जोखीम म्हणावे की सोय, हे वाचकांनी ठरवावे.

सगळेच असे बोलके नव्हते. ‘प्रयास’ या संस्थेच्या गिरीश संत आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्येच शांतपणे आकडे मांडून या कराराची चिकित्सा केली होती. त्यांचा ऊर्जागट आज आमच्या कोथरूडातूनच, जोशींच्या रेल्वे म्युझियमच्या गल्लीतून काम करतो. आणि अंजनवेलच्या शेजारच्या वेलदूर गावात जून 1997 मध्ये पहाटे पोलीस शिरले आणि मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बायकांना पकडून नेले. त्याची नोंद पुढे आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संघटनांनी केली. आमच्या तक्त्यात या बायकांसाठी रकाना नव्हता.

मे 1999 मध्ये वीज सुरू झाली. पुढच्याच वर्षी काही महिने तिचा दर युनिटला सात रुपयांच्या वर गेला. 1993 मध्ये डॉलर 31 रुपयांच्या आसपास होता, 2001 मध्ये तो 47 वर. मंडळाने खरेदी थांबवली, माधव गोडबोले समिती बसली, 2001 च्या मध्याला केंद्र बंद पडले. आणि डिसेंबर 2001 मध्ये, ज्या कंपनीच्या जिवावर हे सारे चालले होते, ती अमेरिकेत स्वतःच्या खोट्या हिशेबांखाली दिवाळखोरीत गेली. देशाची जोखीम मोजणाऱ्या तक्त्यात कंपनीची जोखीम मोजायचे कुणाला सुचलेच नव्हते.

परदेशी भागीदारांपाशी राजकीय जोखमीचा विमा होता. आपल्या आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय यांच्यापाशी होती बंद यंत्रे. 2005 मध्ये ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ काढून एनटीपीसी आणि गेल यांच्या खांद्यावर हे ओझे दिले गेले. 2015 मध्ये तिथून रेल्वेला वीज जाऊ लागली. मधल्या काळात राज्यात भारनियमन आले. 2006 मध्ये पुणेकरांनी जादा आकार देऊन ते टाळले, हे आमच्या बिलात सोसायटीतल्या सर्वांनी पाहिले आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये हे सारे पुन्हा आठवले. 14 तारखेला ‘स्टँडर्ड अँड पुअर्स’ने भारताची पत एक पायरी वर नेली. 27 तारखेला अमेरिकेने भारतीय मालावरचा कर 50 टक्क्यांवर नेला. एकाच महिन्यात. राजकीय जोखीम मुंबई-दिल्लीतच राहते, असे शिकवणारे आमचे प्राध्यापक आज असते तर त्यांनी कोणता रकाना आखला असता कोण जाणे.

त्या दिवाळीत लेथवाल्याचा मुलगा फराळाला आला होता. पंपांचे सुटे भाग अमेरिकेला पाठवतो. नवे मशीन घ्यावे का, असे विचारत होता. सवयीने माझ्या तोंडून तोच जुना प्रश्न निघाला. तो हसला. ‘‘काका, बाबांना विचारलेत तेव्हा आईच्या पाटल्या तरी होत्या. बायको सोने वापरतच नाही.’’ चिवड्याची बशी पुढे केली, आणि आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो.